आडवी पाटी चालत नाही

नियम

हरवलास तर धावायचं नाही. रडू आलं तर रडायचं, पण उभ्या जागी. साहेबाच्या नावाची पाटी शोधायची, तिच्या बरोबर खाली उभं राहायचं, हलायचं नाही. कोणीतरी न्यायला येतंच. येणारा आल्या आल्या रागावला, तर त्याच्याबरोबर जायचं नाही. जो रागावत नाही, तो आपला.

हे बाबांना अनाथाश्रमाच्या मोठ्या बाईंनी शिकवलं. वाचायला शिकवण्याच्या आधी शिकवलं. साहेबाचं खरं नाव लांबलचक, परक्या भाषेतलं. पहिलं अक्षर आकड्यासारखं वळलेलं, शेवटचं शेपटी वर करून बसलेल्या मांजरासारखं. मधलं काहीही असो. आश्रमातली पोरं आकडा आणि मांजर ओळखायची, आणि तेवढं पुरायचं, कारण शहरात जिकडे बघावं तिकडे साहेब. साहेब पूल, साहेब बाजार, साहेब बाग, साहेब हॉस्पिटल. पाण्याच्या टाकीवरही साहेब. आश्रमाच्या दारावर तर होताच.

साहेब म्हणजे गव्हर्नर. समुद्रापलीकडून पाठवलेला. तो इथे जन्मला नाही, इथे मेला नाही, नुसता जागोजागी चिकटवला गेला. दुष्काळ पडला तेव्हा त्याने इथलं धान्य बोटी भरभरून बाहेर पाठवलं. माणसं रस्त्यावर मेली. मागे उरलेल्या पोरांसाठी मग त्यानेच अनाथाश्रम काढला आणि त्यालाही स्वतःचंच नाव दिलं. बाबा त्या दुष्काळातले नव्हेत, फार नंतरचे. पण आश्रम तोच, पाटी तीच.

मोठ्या बाईंच्या हाताशी माणसं कमी होती. त्यांनी शहरालाच राखणीला बसवलं.

घरात कोण कोण

मी. साहेब हॉस्पिटलच्या लाँड्रीचा टेम्पो चालवते. मळलेल्या चादरी आणते, धुतलेल्या पोचवते.

धाकटा. माझा भाऊ, नगरपालिकेत आहे, शिडीवर चढायचं काम करतो. दिवे, फलक, तोरणं, जे उंचावर असेल ते त्याचं.

बाबा. बुटांच्या कारखान्यात टाचा ठोकायचे. जन्मभर दुसऱ्यांच्या चालण्याची सोय केली आणि गेल्या वर्षापासून स्वतः चालत निघाले की रस्ता विसरतात.

इतरांची म्हातारी माणसं हरवली की पोलीस, फोटो, रडारड. आमचे बाबा हरवले की मी टेम्पो काढायची आणि पाट्यांची फेरी मारायची. पुलाखाली नाहीत? बाजार बघ. बाजारात नाहीत? बाग. कुठल्या ना कुठल्या पाटीखाली ते असायचेच. पाय जुळवून, हात मागे, मान सरळ, जणू फोटो काढायचा आहे.

"काय साहेब, कोणाची वाट बघताय?"

"येईल त्याची."

"मी आलेय. चालेल?"

मग ते मला वरपासून खालपर्यंत न्याहाळायचे. मागे रांग लागलीय आणि निवड करायची आहे, असे. "चालेल," म्हणायचे आणि टेम्पोत चढायचे. रागवायचं असेल ते मी घरी पोचल्यावर, दार लावून. मला नियम माहीत होता. मी पोटातला सगळा राग तोंडात धरून हसत टेम्पो चालवायची, पान जमल्यासारखे गाल फुगायचे.

तोंडात धरून ठेवणं कठीण जात चाललं होतं. हे आधीच सांगून ठेवते.

जेवताना

"बाबा, आमच्या टोळीला मोठं काम आलंय," धाकटा म्हणाला. "साहेबाचं नाव जायचंय. सगळीकडून."

"कुठे जायचंय?"

"कुठे नाही. उतरवायचंय. नवी नावं लागणार. ठराव झालाय."

"पुलावरचं?"

"पुलावरचं, बाजारातलं, बागेतलं. सगळं."

बाबांनी घास खाली ठेवला. "मग पोरांनी उभं राहायचं कुठे?"

"कुठली पोरं? आश्रम बंद होऊन जमाना झाला." धाकट्याने माझ्याकडे बघितलं. मी भात वाढत राहिले. "बाबा, त्याने माणसं मारली. उपाशी मारली. त्याच्या नावाखालून रोज जायचं म्हणजे आपण काय माणसं आहोत की कोण?"

"मारली असतील."

"असतील नाही, मारलीच."

"मारली. मग मी काय म्हणतोय? माणूस वाईटच होता." बाबा शांतपणे म्हणाले. "पण त्याच्या नावाखाली मी उभा राहिलो आणि मला न्यायला माणूस आलं. दर वेळी. तुझ्या नव्या नावाखाली कोण येणार आहे ते सांग, मी तिथे उभा राहतो."

धाकटा चिडला की मीठ घेतो. त्याने मीठ घेतलं. "ताई, तू तरी बोल."

मी काय बोलणार? मला दोघंही पटत होते, आणि दोघंही पटणं म्हणजे भांडी माझ्यावर पडणं. पडलीच.

मग बाजार उतरला. बाग उतरली. टाकीवरून साहेब दोरीने खाली आला, धाकट्याने त्याचा फोटोसुद्धा दाखवला. मी रोज येता-जाता मोकळ्या जागा बघायची. पाटी निघाली की भिंतीवर फिकट चौकोन राहतो. बाबा फिकट चौकोनाखाली उभे राहतील का? विचारायचं धाडस झालं नाही. विचारलं असतं तर—

फोन

"ताई, बाबा तुझ्याबरोबर आहेत?"

"माझ्याबरोबर कशाला असतील? आज तू घरी आहेस ना?"

"मी आंघोळीला गेलो होतो."

"केवढी आंघोळ! बोहल्यावर चढायचं होतं?"

"ताई, दार उघडं आहे. चपला नाहीत."

"कुठल्या पाट्या उरल्यात?"

"ताई—"

"अरे बोल ना. तूच उतरवल्यास ना? तुलाच माहीत असणार."

"पूल. फक्त पूल."

"मग पुलावर असतील. जाते मी."

"ताई, पूल आज आहे. दुसरी टोळी गेलीय. आत्ता."

साहेब पूल (नवं नाव अजून कापडाखाली)

कमानीवर कापड बांधलं होतं. कापडाखाली काय ते उद्घाटनाला कळणार. कमानीखाली कोणी नाही. मी टेम्पो मध्येच उभा केला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, मी त्यांना हाताने काय सांगितलं ते लिहीत नाही.

पुलाच्या तोंडाशी पंक्चरवाला बसतो. त्याने मला ओळखलं. मी बाबांना इथून किती वेळा उचललंय हे त्याने बघितलेलं.

"आले होते की," तो म्हणाला. "टोळी पाटी सोडवत होती. आजोबा बरोबर खाली. ते म्हणतात, बाजूला व्हा, डोक्यात पडेल. हे हलायला तयार नाहीत. शेवटी दोघांनी उचलून बाजूला ठेवले, फुलदाणी ठेवावी तसे."

"लागलं का त्यांना?"

"छे. चिडलेसुद्धा नाहीत. मग पाटी गाडीत टाकली, गाडी निघाली, आणि हे गाडीच्या मागे."

"धावत?"

"धावले नाहीत, बाई. पण असे चालले की गाडीलाच लाज वाटावी."

धावायचं नाही. हो. तेवढं लक्षात होतं त्यांच्या. रस्ता लक्षात राहत नाही, माझं नाव कधी कधी राहत नाही, पण—

गोदाम

उतरवलेल्या पाट्या नगरपालिकेच्या गोदामात जातात. धाकटा तिथे आधीच पोचला होता. सायकल भिंतीला टाकलेली, केस ओले, शर्टाची बटणं वरखाली. वॉचमन त्याला काहीतरी समजावत होता. आत पाट्याच पाट्या: लोखंडी, दगडी, मोठ्या, छोट्या, एकीवर एक रचलेल्या. सगळीकडे साहेब, आणि सगळीकडे झोपलेला.

"इथे आले होते," वॉचमन म्हणाला. "गाडीच्या मागून आले, मी म्हटलं टोळीतलेच कोणी असतील. प्रत्येक पाटीपाशी गेले. वाकून बघितली, अक्षरावरून बोट फिरवलं. मग मला म्हणाले, आडवी पाटी चालत नाही."

"मग?"

"मी म्हटलं, काका, भिंतीला टेकवून एखादी उभी करून देऊ? तर म्हणाले, उभी नको. वर पाहिजे. आणि गेले."

"गेले कुठे?"

"ते मला कसं माहीत? वडील तुमचे."

धाकट्याने डोकं धरलं. "वर कुठे काहीच नाही आता. मीच काढलंय सगळं. एकही सोडलेली नाही ताई, टाकीच्या मागची सुद्धा नाही, जी कोणाला दिसत नव्हती. नीट काढलंय."

"हार घालू तुला?"

"माझ्यावर ओरडून काय होणार?"

"मग कोणावर ओरडू? साहेबावर?"

"तुला वाटतं मला हे हवं होतं?"

"तुला आंघोळ हवी होती."

वॉचमनने तेवढ्यात पाण्याचा तांब्या आणला आणि दोघांच्या मध्ये धरला. आम्ही दोघंही प्यायलो नाही. धाकटा म्हणाला, पोलिसांत जातो. मी म्हटलं, जा. तो म्हणाला, तू? मी म्हटलं, मी फिरते. कुठे, ते मला माहीत नव्हतं. पाट्यांशिवाय हे शहर केवढं मोठं आहे हे मला त्या दिवशी कळलं. प्रत्येक कोपरा आता सारखाच होता. बाबा कुठल्याही कोपऱ्यावर असू शकत होते, म्हणजे कुठेच नव्हते.

सिग्नल

लाल. गाड्या. फुटपाथवर म्हातारा, नाही, दुसराच. हातात पिशवी, नाही. हिरवा. पुन्हा लाल. माझ्या मागे धुतलेल्या चादरींचे गठ्ठे, हॉस्पिटलला पोचवायचे राहिलेले. वॉर्डातल्या नर्सचे फोन आले होते, घेतले नव्हते. ब्रेक लागला तसा वरचा गठ्ठा घसरला आणि माझ्या खांद्यावर आला. मी त्याला शिवी देऊन ढकलला.

ढकलताना बोटांखाली शिक्का.

तळहाताएवढा, निळा. आकडा. मांजर.

चादरींवरचा शिक्का धुवून जात नाही, जाऊ नये म्हणूनच तशी शाई. हॉस्पिटलच्या दारावरचं नाव धाकट्याने उतरवलं, पण नव्या नावाचा शिक्का अजून बनून आलेला नाही. आणि लाँड्रीच्या मागच्या पटांगणात चादरी वाळतात त्या तारा उंच आहेत. काठीने चढवाव्या लागतात. शिक्क्याचा कोपरा नेहमी वर, चिमट्यात. घडी घालताना शिक्का बाहेर यावा म्हणून.

वर.

फार पूर्वी मी एकदा बाबांना लाँड्रीत नेलं होतं, मुकादमबाईंनी खाऊ दिला होता. रस्ता त्यांना माहीत नव्हता. पण पुलाच्या कठड्यावरून खाली बघितलं की ते पटांगण दिसतं, पांढरंच पांढरं. गोदामातून परतताना पुलावर आलेच असतील.

मागचे हॉर्न. हो रे बाबांनो, निघाले.

पटांगण

बायका चादरी उतरवत होत्या. उन्हं कलली की उतरवाव्या लागतात, नाहीतर दव धरतात आणि सगळा दिवस वाया. रांगेमागून रांग मोकळी होत होती. शेवटच्या तारेवर एकच चादर उरली होती. तिच्या खाली बाबा. पाय जुळवलेले, हात मागे, मान सरळ.

मुकादमबाई काठी घेऊन शेजारी उभ्या. मला बघून हसल्या.

"तुझेच वडील होय? चेहरा ओळखीचा वाटला. पण ऐट अशी की म्हटलं तपासणीला कोणी आलंय. एक चादर उतरवली की दुसऱ्या चादरीखाली सरकतात, ती उतरवली की तिसऱ्या. पूर्ण पटांगण असे आले. ही शेवटची. मी म्हटलं, राहू दे. एका चादरीला दव लागलं तर जग बुडत नाही."

मी ऐकत नव्हते. मी बाबांच्या समोर गेले होते आणि माझं तोंड उघडलं होतं.

"कळतं का काही तुम्हाला? गाडीखाली गेला असतात म्हणजे? मी जिवाची कुठे कुठे वणवण करतेय, तो बिचारा पोलिसांत गेलाय, आणि तुम्ही इथे पुतळ्यासारखे? रोज, रोज हेच! मी काम करू की तुम्हाला शोधू?"

तोंडात धरलेलं सगळं बाहेर आलं. वर्षभराचं. थांबवता येईना. बायका चादरी छातीशी धरून बघत राहिल्या.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. राग नाही, भीती नाही. आवडीने निवड करायला बसलेला माणूस एखादी वस्तू परत ठेवतो, तेवढंच. मग मान पुन्हा सरळ केली.

"बाबा, चला."

त्यांनी पाय आणखी जुळवले.

"बाबा. मी आहे."

"मी वाट बघतोय," ते म्हणाले. माझ्याशी नव्हे, समोरच्या हवेशी. "माझं माणूस येईल."

मी हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला. हळूच, सभ्यपणे, परक्या बाईने धरला तर सोडवावा तसा. तेवढ्यात धाकटा आला, मी सिग्नलवरून त्याला फोन केला होता. तोही धापा टाकत, लाल झालेला. आल्या आल्या म्हणाला, "काय हे बाबा, जीव घ्यायचाय का आमचा?"

दोन गेले. मी मनात म्हटलं. झालं. आमच्यापैकी कोणी उरलं नाही.

"बाबा, असं काय करता," मी आवाज मऊ केला. "कोणाची वाट बघताय, सांगा ना." नंतरचा मऊपणा त्यांच्या हिशेबात नव्हता. मोठ्या बाईंनी आल्या आल्या म्हटलं होतं. नंतर तर सगळेच मऊ होतात.

मुकादमबाईंना नियम कोणी सांगितला नव्हता. त्यांनी काठी तारेला टेकवली, पदराला हात पुसले आणि बाबांच्या शेजारी जाऊन, तशाच पाय जुळवून उभ्या राहिल्या. थोडा वेळ दोघंही समोर बघत राहिले.

"पाय दुखत असतील," मुकादमबाई म्हणाल्या.

"थोडे."

"माझेही. टेम्पोत बसू या का?"

बाबांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"चालेल," म्हणाले.

टेम्पो

पुढे मी, माझ्या शेजारी धाकटा. मागे चादरींच्या गठ्ठ्यांवर बाबा आणि मुकादमबाई. बाबांनी त्यांचा हात धरलेला. आरशात दिसत होतं. मी आरसा फिरवला. मग पुन्हा नीट केला.

मागून बाबांचा आवाज: "ती पुढची बाई फार रागीट आहे."

मुकादमबाई: "दमलीय हो. कामाची आहे, मनाने चांगली आहे."

"असेल. पण मी तिच्याबरोबर नाही जाणार."

धाकटा खिडकीबाहेर बघत होता. पूल आला, कापड फडफडत होतं. "उद्या मी गोदामातून एक घेऊन येतो," तो हळू म्हणाला. "छोटी एखादी. भंगारातच जाणार आहे."

"आणि पकडला गेलास तर? जी पाटी दिवसा उतरवतोस तीच रात्री घरी लावतोस म्हणतील."

"म्हणू देत."

"नको. नोकरी घालवशील." आणि मग, कारण खरं ते बोलायला हवं होतं: "आणि ती आपल्या दारावर नको. त्याने माणसं मारली."

धाकट्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी आत्ताच टेम्पोत चढले.

घरी उतरताना मुकादमबाईंनी निघताना तारेवरून काढून आणलेली ती शेवटची चादर गठ्ठ्यातून काढली. "डाग पडलाय हिला, बाद करावी लागणार," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, कुठे डाग? त्यांनी चादर टेम्पोच्या काळ्या धुराड्यावर पुसली आणि मला दाखवली. "हा काय."

दार

चादरीचा कोपरा कापला. शिक्क्यापुरता. तरी साहेब दारावर नकोच, म्हणून मी शिक्क्याच्या मधल्या अक्षरांवर जुन्या परकराची पट्टी शिवली. पुढे आकडा राहिला, मागे मांजर. मधला माणूस गेला. धाकट्याने शिडी लावून दाराच्या आतल्या बाजूला, चौकटीवर खिळे ठोकले, तोंडाने पुटपुटत. इतकी सुबक पाटी त्याने नगरपालिकेची कधी लावली नसेल.

बाबांनी वर बघितलं. आकडा बघितला, मांजर बघितलं. मध्ये काय आहे विचारलं नाही. मग खाली येऊन उभे राहिले.

तेव्हापासून ते बाहेर जात नाहीत. त्यांना वाटतं ते हरवलेलेच आहेत. आमच्याच घरात, आमच्याच दारात, बाहेर तोंड करून, कोणीतरी येईल म्हणून उभे असतात. जेवतात, झोपतात, मध्येच उठून जाऊन खाली उभे राहतात. त्या संध्याकाळनंतर मला ताई म्हणाले नाहीत, बाळ म्हणाले नाहीत. "त्या बाई" म्हणतात. मुकादमबाई रविवारी आल्या की चेहरा उजळतो.

काल मी कामावरून आले. दार उघडं. बाबा पाटीखाली. मागे मोरीतला नळ धो धो, पाणी उंबऱ्यापर्यंत आलेलं, त्यांचे पाय ओले, आणि माझ्या तोंडात, बरोबर जिभेच्या टोकावर—

बाबा बघत होते. न्याहाळत होते.

मी तोंड मिटलं. पाठ फिरवली. पायऱ्या उतरून गल्लीत आले, टेम्पोच्याही पुढे गेले, कोपऱ्यापर्यंत. शेजारच्या काकू गॅलरीत उभ्या होत्या.

"अगं, आत्ता तर आलीस. काही राहिलं का?"

"हो काकू. नीट यायचं राहिलं."

श्वास घेतला. पाणी वाहतंय तर वाहू दे. वळले. दार तिथून दिसत होतं, आत बाबा, पाय जुळवलेले. मी हळू चालत गेले, धावले नाही. उंबऱ्याशी थांबले.

"काय साहेब," मी म्हटलं, "कोणाची वाट बघताय?"